बहात्तर तासांची गोळी : गैरसमज दूर करून घेऊया

वस्त्यांमध्ये आणि मुलींच्या वसतिगृहांत आरोग्यावर बोलायला गेले की कार्यक्रम संपल्यावर एखादी मुलगी मागे रेंगाळते आणि हळूच विचारते, "ताई, ती बहात्तर तासवाली गोळी घेतली तर गर्भ पडतो का?" मुलं हाच प्रश्न व्हॉट्सअॅपवर विचारतात, तोही 'एका मित्रासाठी'. आपल्या समाजात त्याला जोडून आणखी एक शंका येते. ही गोळी घेणं म्हणजे प्राणिहत्या न करण्याच्या पहिल्या शीलाचा भंग तर नाही ना?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर नाही असंच आहे. त्यासाठी गोळी शरीरात काय करते ते समजून घ्यावं लागेल.

संबंध आल्याबरोबर गर्भधारणा होत नाही. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. अंडाशयातून बाहेर पडलेलं स्त्रीबीज मात्र जेमतेम एक दिवस टिकतं. म्हणजे शुक्राणू आधी येऊन थांबलेले असतात आणि बीज नंतर येतं, असं पुष्कळदा घडतं. लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे औषध असलेली ही गोळी बीज बाहेर पडणंच लांबवते. बीज आलं नाही, की गर्भ राहत नाही. बीज आधीच बाहेर पडलं असेल तर गोळीचा उपयोग होत नाही. गर्भ राहिलेलाच असेल तर ती तो पाडत नाही आणि त्याला इजाही करत नाही. जिथे गर्भच नाही तिथे हत्या कुणाची?

यावरूनच घाई का करायची तेही कळतं. पाकिटावर ७२ तास लिहिलेलं असल्यामुळे 'अजून दोन दिवस आहेत' असं समजून मुली थांबतात. थांबू नये. बारा तासांत घेतलेली गोळी साठाव्या तासाला घेतलेल्या गोळीपेक्षा जास्त भरवशाची असते. १.५ मिलिग्रॅमची एकच गोळी पुरते. दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली तर मात्र पुन्हा घ्यावी लागते. टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिट्सची काही औषधं चालू असतील तर गोळीचा प्रभाव कमी होतो. आपल्या वस्त्यांत टीबीचे रुग्ण किती आहेत हे कार्यकर्त्यांना सांगायला नको. अशा वेळी डॉक्टरांना ते औषध चालू असल्याचं आधी सांगावं. पाच दिवसांच्या आत तांबी, म्हणजे कॉपर टी, बसवून घेणं हा गोळीपेक्षाही खात्रीचा उपाय आहे, आणि या औषधांचा तांबीवर परिणाम होत नाही.

गोळीनंतर मळमळ, डोकेदुखी, थोडा रक्तस्राव होऊ शकतो. पाळी काही दिवस पुढे-मागे होते. आठवड्याहून जास्त लांबली तर तपासणी करावी. गोळीमुळे पुढे मूल होत नाही, ही निव्वळ अफवा आहे. पण गोळी घेतल्यानंतरच्या संबंधांना ती संरक्षण देत नाही आणि एचआयव्हीसारख्या संसर्गापासूनही वाचवत नाही. म्हणून नेहमीसाठी निरोध किंवा दुसरं साधन हवंच.

सगळ्यात धोकादायक घोटाळा होतो तो नावांचा. 'अनवॉन्टेड ७२' ही गर्भनिरोधक गोळी आहे आणि 'अनवॉन्टेड किट' हे गर्भपाताचं औषध. नावं जवळजवळ सारखी, काम संपूर्ण वेगळं. किटमध्ये मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल असतं आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं असतं. गर्भ नळीत असेल तर किटने तो पडत नाही आणि जीवावर बेतू शकतं. दुकानात चिठ्ठी पाठवून दुसऱ्याकडून औषध मागवताना हा गोंधळ हमखास होतो. पाकिटावर औषधाचं नाव वाचल्याशिवाय गोळी तोंडात टाकू नका.

गर्भनिरोधक गोळी मेडिकलमध्ये चिठ्ठीविना मिळते. आशाताईंकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही ती असते. अडचण मिळण्याची कमी आणि मागण्याची जास्त आहे. मुलगी काउंटरवर गेली की दुकानदार आधी तिच्या गळ्यात मंगळसूत्र आहे का ते बघतो. या विषयावर उघड बोलायला लाजणाऱ्या आपल्या तरुणांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. बाबासाहेब त्या दिवशी हजर राहू शकले नाहीत, तेव्हा त्यांनी तयार केलेलं भाषण स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी वाचलं. ठराव फेटाळला गेला. त्याआधी १९३४ मध्ये 'समाजस्वास्थ्य'च्या खटल्यात र. धों. कर्व्यांचं वकीलपत्रही बाबासाहेबांनीच घेतलं होतं.

आता कार्यकर्त्यांसाठी खास. अत्याचाराची बातमी आली की आपण धावतो पोलीस ठाण्याकडे. अॅट्रॉसिटीची कलमं लागली का, एफआयआर घेतला का, यातच रात्र जाते, दुसरा दिवस जातो. पीडित मुलीचे ते ७२ तास तिथेच संपत असतात. पोलीस ठाण्यात चार जण बसले तरी चालतील, पण एक बाई मुलीबरोबर दवाखान्यात असायला हवी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने बलात्कार पीडितेवर ताबडतोब मोफत उपचार करायचे आहेत. पोलिसांना रुग्णालयच कळवतं, त्यामुळे 'आधी एफआयआर आणा' असं सांगून उपचार थांबवता येत नाहीत. उपचार नाकारणं हा न्याय संहितेच्या कलम २०० खाली गुन्हा आहे. मुलगी अठराच्या आतली असली तरी, वयात आलेली असेल तर पॉक्सोच्या २०२० च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी तिच्याशी आणि पालकांशी तातडीच्या गर्भनिरोधकाबद्दल बोलायचंच असतं. एचआयव्ही टाळण्याची औषधंही ७२ तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात. दोन्हींबद्दल स्वतः विचारा, गर्दीत ते राहून जातं. डॉक्टरांनी काय दिलं आणि किती वाजता दिलं, ते केसपेपरवर लिहून घ्या. साधारण तीन आठवड्यांनी गर्भधारणेची तपासणी करायला तिला पुन्हा कोण घेऊन जाणार, तेही त्याच दिवशी ठरवून ठेवा.