पाला माजला, बटाटे कुठे?

रायपूरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. गच्चीवर पिशव्यांत लावलेला बटाटा हिरवागार माजला. उपटून पाहिला, तर खाली गोटीएवढे दोन-चार दाणे. खत कोणतं कमी पडलं?

बहुधा कोणतंच नाही. युरिया जास्त झाला असेल. नत्राची चंगळ झाली की झाड पाल्यातच रमतं. (अमुक क्षार चमचाभर घाला आणि टोपलीभर बटाटे काढा, असले व्हिडिओ मीही बघतो, करमणूक म्हणून.) पण मी आधी विचारीन, लागवड कधी केली? रात्री २० अंशांच्या वर राहू लागल्या की बटाटा धरायला कुरकुरतो. जमिनीतले पांढरे आडवे फुटवे लांबत जातात, टोकाला फुगत नाहीत. नवरात्रात घाईनं लावलेल्या बटाट्याचं रायपुरात हेच होतं. उलट सरगुज्यातल्या मैनपाटावर भर पावसाळ्यात बटाट्याची शेतं उभी असतात, कारण मैनपाट हजार मीटरवर आणि रायपूर जेमतेम तीनशेवर.

गंमत अशी, की बटाटे धरायचे की नाही हे ठरतं पानांत. इथे मला मिखाईल चैलाख्यान आठवतात. पानात तयार होणारं काहीतरी खोडातून जाऊन फुलं आणतं, असं या सोव्हिएत शास्त्रज्ञानं १९३०च्या दशकात मांडलं आणि त्याला ‘फ्लोरिजन’ हे नावही दिलं. पुढे कितीतरी दशकं तो पदार्थ कोणाच्या हाती लागेना. चैलाख्यान मात्र हटले नाहीत. १९८१ साली त्यांनी सहकाऱ्यांसह बटाट्याच्या खुंटावर तंबाखूचं कलम केल्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. वर तंबाखूला फुलायला हवा तेवढा दिवस-रात्रीचा काळ मिळाला, आणि खाली बटाटे धरले! तंबाखूला बटाट्याशी काय देणंघेणं? फुलांचा निरोप खाली बटाट्याचा निरोप म्हणून वाचला गेला. २०११ साली तो निरोप्या सापडला: एसपी६ए हे प्रथिन, फुलं आणणाऱ्या प्रथिनाचंच भावंड. उष्णतेत पानं ते कमी बनवतात. चैलाख्यान १९९१ सालीच गेले होते.

तेव्हा रायपूरकरांनी नोव्हेंबर उजाडू द्यावा. मोड आलेलं बेणं लावावं, काळ्या पिशव्या दुपारच्या उन्हातून हलवाव्यात, वर धानाचा पैरा (पेंढा) पसरावा. लवकरच लावायचा हट्ट असेल, तर उष्णता सोसणारा ‘कुफरी सूर्या’ शोधावा. आणि खालची पानं कडक होऊन वर वळली असतील, तर तो मावा किडीनं आणलेला विषाणू असू शकतो. ते झाड उपटावं आणि त्याचे बटाटे बेण्याला ठेवू नयेत.