माणिक : बाईचे की बाप्याचे?

माणिक वर्मा म्हटले की मराठी माणसाच्या कानात भावगीत सुरू होते. हिंदी कविसंमेलनांत रात्री जागवलेल्या श्रोत्याला याच नावाने मध्य प्रदेशातले एक हास्यकवी आठवतात, राजकारण्यांना चिमटे काढणारे मिशीवाल्यांच्या मैफलीतले पुरुष कवी. नाव तेच, आडनावही तेच. आपल्या माणिकताई माहेरच्या दादरकर. अमर वर्मांशी लग्न झाले नसते तर हा घोळही झाला नसता.

बायका आणि पुरुष दोघांनाही चालणारी नावे आपल्याकडे नवीन नाहीत. कादंबरीकार किरण नगरकर, यष्टिरक्षक किरण मोरे आणि पोलीस अधिकारी किरण बेदी एकाच नावाने वावरले तरी कुणी चमकले नाही. कमल देसाई आणि कमल हासन यांचेही तसेच. पण किरण गल्लोगल्ली सापडतो, सापडते. माणिकचे तसे कधीच झाले नाही. हे नाव दोन्ही बाजूंना थोडे थोडे राहिले, आणि म्हणूनच नुसते ‘माणिक’ ऐकले की आडनाव कानी पडेपर्यंत आपण थांबतो.

पुरुषांकडचा त्याचा इतिहास जुना आहे आणि तो बराचसा ‘जी’ आणि ‘राव’ यांच्या आधाराने चालतो. शिवाजी महाराजांच्या सुरुवातीच्या काळातले सरनोबत माणकोजी दहातोंडे आणि धामणगावचे वारकरी संत माणकोजी बोधले हे याच नावाचे धनी. 1817 साली जन्मलेल्या माणिकप्रभूंमुळे नावाला देवघरात जागा मिळाली. हुमणाबादजवळचे माणिकनगर आज कर्नाटकात आहे, पण तिथल्या दत्तसंप्रदायाची मराठी घरांशी नाळ अजून तुटलेली नाही. आदिवासी पट्ट्यातल्या नंदुरबारमधून माणिकराव गावित नऊ वेळा लोकसभेवर गेले. या सगळ्यांत ‘माणिक’ उघडे क्वचितच दिसते. मागे काहीतरी जोडले की पुरुषपण पक्के होते, जसे ‘बाई’ जोडली की बाईपण.

गंमत अशी, की ज्यांच्या वाट्याला हे नाव कोणत्याही शेपटाशिवाय आले, त्यांतल्या दोन मोठ्या पुरुषांनी ते बाजूला ठेवले. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत 1909 साली जन्मलेला माणिक इंगळे गुरू आडकोजी महाराजांच्या सहवासात तुकड्या झाला आणि पुढे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. रत्नाचे नाव टाकून भाकरीच्या तुकड्याचे नाव घेणे यात जी जिद्द आहे, ती त्यांच्या ‘ग्रामगीते’लाही आहे. दुसरे नागपूरचे माणिक सीताराम गोडघाटे, म्हणजे कवी ग्रेस. इंग्रिड बर्गमनच्या एका चित्रपटाशी त्यांनी आपले हे टोपणनाव जोडले होते. बायका-पुरुष दोघांनाही चालणारे नाव सोडून ग्रेस यांनी इंग्रजीत सरळसरळ बायकांचे असलेले नाव घेतले, आणि मराठी वाचकाने ते मुकाट्याने स्वीकारले! मला तरी मराठी टोपणनावांच्या इतिहासातला हा सर्वांत धीट प्रकार वाटतो.

बंगालात गोष्ट नेमकी उलटी. तिथे माणिक हे घरात हाक मारायचे नाव, आणि तेही मुलग्यांचेच. प्रबोधकुमार बंद्योपाध्याय या विद्यार्थ्याने 1928 साली मित्रांशी पैज लावून पहिली कथा छापायला दिली, ती माणिक या घरच्या नावाने. तेच पुढे बंगाली कादंबरीतले मोठे नाव ठरले. सत्यजित राय यांचेही घरचे नाव माणिक. चित्रपटसृष्टीत ते ‘माणिकदा’च राहिले. त्रिपुराचे माजी मुख्यमंत्री माणिक सरकार यांच्या नावावरून कोलकात्यात कुणाला शंका येणार नाही. गुजरातीत ‘इ’ जाऊन माणेक झाले. पारशांकडे माणेकजी आणि माणेकबाई दोघेही होते, पण तिथेही भेद मागच्या शब्दाने केलेला.

बायकांमध्ये मात्र या नावाला काही न जोडता प्रतिष्ठा मिळाली, आणि ती गाण्याने दिली. माणिक वर्मा (1926–1996) सुरेशबाबू माने यांच्याकडे किराणा घराण्याची गायकी शिकल्या. ख्याल, ठुमरी, नाट्यपद, भावगीत हे सगळे त्यांच्या गळ्यात सहज नांदले. पुणे आकाशवाणीच्या ‘गीतरामायणा’त सीतेची पदे त्यांच्याकडे होती. 1974 साली त्यांना पद्मश्री मिळाली. जयपूर-अत्रौली घराण्यातल्या माणिक भिडे किशोरी आमोणकरांच्या शिष्या आणि अश्विनी भिडे-देशपांडे यांच्या आई व गुरू. या दोघींमुळे संगीतप्रेमी मराठी घरांत माणिक हे आधी बाईचे नाव आहे. विदर्भातल्या भजनी मंडळात विचाराल तर उत्तर वेगळे येईल.

मराठीला हे दुहेरीपण परवडते, कारण नावाचे काम आपले व्याकरण उरकते. ‘माणिक आला’ की ‘माणिक आली’, क्रियापदातच उलगडा. शिवाय खुद्द ‘ते माणिक’ नपुंसकलिंगी, म्हणून लाडात ‘आमचं माणिक जेवलं का?’ हेही खपते. अडचण होते ती छापील यादीत, जिथे क्रियापद नसते. तिथे आजवर मधले नाव मदतीला यायचे, तेही पुरते नाही. ‘माणिक सीताराम’ एवढ्यावरून सीताराम हा बाप आहे की नवरा, हे कळायला मार्ग नाही.

आज पाळण्यात हे नाव फारसे ऐकू येत नाही. रत्नांची नावेच मागे पडली. हिरा, मोती, पोवळा आजोबा-आजींबरोबर गेली. माणिक ज्या कुरुंद खनिजाचे, त्याचेच निळे भावंड नीलम, तेवढे मुलींकडे बरीच वर्षे टिकले. उरलेल्या माणिक आता बहुतेक आई किंवा आजीच्या वयाच्या. त्यातच महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर बाळाच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव लिहायचा नियम आला. म्हणजे एखाद्या माणिकने आता मुलाचे नाव ईशान ठेवले, तर दाखल्यावर ‘ईशान माणिक संजय’ असे येईल, आणि जुन्या सवयीचा कारकून माणिकला बाप समजून संजयचे काय करायचे, या विचारात पडेल.