खोटं बोलणारा मीटर कसा पकडायचा?

घरातला पंखा बंद पडला की वायरमनकाका येतात. त्यांच्या पिशवीतून एक छोटंसं यंत्र बाहेर निघतं. त्याला लाल आणि काळी अशा दोन वायरी, मधोमध फिरवायचं बटण आणि वर आकडे. हाच मल्टिमीटर! काका वायरींची टोकं टेकवतात, आकडा बघतात आणि म्हणतात, "इथं करंट नाही." मग खुशाल तारेला हात लावतात.

पण तो मीटरच खोटं बोलत असेल तर? तारेत २३० व्होल्ट आणि मीटरवर शून्य! मिक्सर बिघडला तर चटणी अडते, पण मीटर बिघडला तर जीवावर बेतू शकतं. म्हणूनच मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याचा जुना बाजार, वापरलेला मीटर दुसऱ्याच्या हातात देण्याआधी तपासायलाच हवा.

मीटर वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून तर ते पुन्हा पुन्हा विकले जातात. ब्रिटिश टपाल खात्यातले इंजिनिअर डोनाल्ड मॅकेडी यांना वेगवेगळ्या मापनांसाठी वेगवेगळी यंत्रं बाळगायचा कंटाळा आला होता. त्यांनी तिन्ही कामं एकाच पेटीत बसवली. १९२३ साली तो मीटर बाजारात आला. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम यांच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं 'अ‍ॅव्हो'. त्याचं उत्पादन २००८ साली थांबलं, पण जुने अ‍ॅव्हो अजूनही हात बदलत फिरतात.

आता तपासणी कशी करतात, ते बघू या.

आधी डोळ्यांनी. डबीला तडा आहे का? वायरीचं आवरण फाटलंय का? मागचं झाकण काढून सेल बघायचा. तो पाझरला असेल तर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसते. मग फ्यूज. उडालेल्या फ्यूजच्या जागी कुणी साधी तार गुंडाळलेली असेल तर तो मीटर सरळ बाजूला! चुकून भलतीकडे जोडला तर फ्यूजनं स्वतः जळून आपल्याला वाचवायचं असतं. तार तसं करत नाही, मीटर हातातच फुटू शकतो.

मग वायरी. बटण ओहमवर ठेवून दोन्ही टोकं एकमेकांना टेकवली की आकडा शून्याजवळ यायला हवा. तशीच धरून वायरी हलवायच्या. आकडा नाचायला लागला तर वायर आतून तुटत आलीये. असा मीटर जिवंत तारेवरही शून्य दाखवू शकतो, बरं का!

त्यानंतर आकड्यांची परीक्षा. एक टक्का अचूकतेचा १००० ओहमचा रेझिस्टर साधारण ९९० ते १०१० च्या दरम्यान दिसला पाहिजे. नवा पेन्सिल सेल दीड व्होल्टच्या किंचित वर दिसतो. मीटरचा स्वतःचा सेल उतरलेला असेल तर कित्येक डिजिटल मीटर वाढीव आकडे सांगतात, म्हणून तो आधी बदलायचा.

पण खरा आकडा कुठला, हे कोण ठरवणार? खात्रीचा दुसरा मीटर. त्याला तपासते प्रयोगशाळा आणि तिची मापं जुळवलेली असतात नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेशी. आपल्या देशाचा प्रमाण व्होल्ट तिथंच जपला जातो.

एवढं करूनही जाणता वायरमन मीटरवर आंधळा विश्वास ठेवत नाही. तो आधी चालू असलेल्या ठिकाणी मीटर लावून बघतो, मग बंद तारेवर आणि मग पुन्हा चालू ठिकाणी. दोन्ही वेळा मीटर खरं बोलला, तरच मधल्या शून्यावर भरवसा!

तुम्हाला हे करून बघायचंय? मग फक्त सेल आणि रेझिस्टर घ्या. भिंतीतल्या प्लगच्या वाटेला अजिबात जायचं नाही, ते काम जाणत्या मोठ्यांचं.

आणि तपासताना दोष सापडलाच तर? काही दोष दुरुस्त होतात. जे होत नाहीत, ते चिठ्ठीवर लिहायचे, 'व्होल्ट ठीक, अँपिअर बंद'. धोक्याचा मीटर मात्र विकायचाच नाही. चिठ्ठी लावली की पैसे थोडे कमी मिळतील, खरंय. पण घेणारा त्या आकड्यावर विसंबून उद्या तारेला हात लावणार आहे!