किलोमागे एक रुपया

चिखली, तळवडे, भोसरी, चाकण. पुण्याजवळच्या या पट्ट्यात गाड्यांचे ब्रॅकेट, गिअर, बोल्ट बनवणारे कारखाने गल्लोगल्ली आहेत आणि प्रत्येकात एक 'परचेसवाला' असतो. शॉपवरच्यांना वाटते, हा दिवसभर फोनवर घासाघीस करतो. घासाघीस तर होतेच. महिन्याला दोनशे टन पत्रा लागत असेल, तर किलोमागे एक रुपया सुटला की महिन्याचे दोन लाख वाचतात. पण तेवढे काम नवखाही शिकतो. कच्च्या मालाच्या सीनियर बायरचा कस लागतो तो रेट ठरल्यानंतर.

पत्रा येतो वजनावर, पार्ट निघतात नगावर. सगळी मेख इथेच आहे. अडीच मीटर बाय सव्वा मीटरचा, ३ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा हिशेबाने साधारण ७३.६ किलो भरतो. तोच ३.१ मिलिमीटर आला, तर ७६ किलो. जाडीतला एवढा फरक मानकात बसतो, त्यामुळे माल परत करता येत नाही. पार्ट मात्र तितकेच निघतात. किलोला ६० रुपये धरले, तरी एका पत्र्यामागे जवळपास दीडशे रुपये जास्त गेले. रेटमध्ये मिळवलेला रुपया इथे सव्याज परत जातो! म्हणून मुरलेला बायर वजनकाट्याच्या पावतीसोबत मायक्रोमीटरचे रीडिंगही मागतो, आणि कॉईल कोणत्या रुंदीला स्लिट करायची, हे टूलरूममध्ये बसून ठरवतो.

दुसरे दुखणे तारखांचे. वाहन कंपन्या पार्टच्या किमतीतला कच्च्या मालाचा भाग बहुधा तिमाहीने सुधारून देतात. स्टॉकिस्टचा रेट तेवढे थांबत नाही. २०२२ हे त्याचे जिवंत उदाहरण. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर पोलाद भडकले. ८ मार्चला लंडन मेटल एक्स्चेंजवर निकेल टनाला एक लाख डॉलरच्या वर गेले आणि एक्स्चेंजला व्यवहार थांबवावे लागले. निकेल लंडनमध्ये उसळले तरी त्याची झळ भोसरीत स्टेनलेसचे पाइप वाकवणाऱ्यापर्यंत पोहोचते, कारण ३०४ ग्रेडमध्ये किमान आठ टक्के निकेल असते. मग मे महिन्यात केंद्राने पोलादाच्या अनेक प्रकारांवर १५ टक्के निर्यात शुल्क लावले आणि देशातले भाव घसरू लागले. एप्रिलमध्ये 'अजून वाढणार' म्हणून गोदाम भरून ठेवणाऱ्यांच्या अंगावर महाग स्टॉक राहिला. नोव्हेंबरात ते शुल्क उठले. एप्रिल २०२५ मध्ये आयात होणाऱ्या सपाट पोलादावर १२ टक्के हंगामी संरक्षण शुल्क आले, म्हणजे वारे पुन्हा फिरले. दिल्लीच्या अधिसूचना वाचणे हाही परचेसच्या कामाचाच भाग, जरी जॉब डिस्क्रिप्शनमध्ये तो क्वचितच लिहिलेला असतो.

ग्रेडची सरमिसळ ही खरी झोप उडवणारी गोष्ट. जास्त कार्बनचे ईएन८ आणि साधे माइल्ड स्टील, दोन्हींच्या गोल सळ्या दिसायला सारख्याच. टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर आणि सळीवरचा नंबर जुळला नाही, तर माल बाजूला ठेवायचा. जुन्या कामगारांकडे आणखी एक युक्ती असते: सळी ग्राइंडरला लावायची आणि ठिणग्या पाहायच्या. कार्बन जास्त तशा त्या जास्त फुटतात. खात्री मात्र स्पेक्ट्रोमीटरच देतो. ईएन८ऐवजी माइल्ड स्टील गेले आणि हीट ट्रीटमेंटनंतर शाफ्ट कडकच झाला नाही, की तोवरची मशिनिंगची मजुरीही भंगारात जाते.

भंगाराचा हिशेबही बायरच्या वहीत असतो, कारण प्रेसमधून उरलेल्या कातरणाचे पैसे पार्टच्या किमतीतून वजा होतात. चिखलीची कुदळवाडी हा भंगार गोदामांचा मोठा अड्डा होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने तिथली हजारो अनधिकृत बांधकामे पाडली. त्याआधी ऑक्टोबर २०२४ पासून, नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून नोंदणीकृत व्यापाऱ्याने धातूचे भंगार घेतले, तर जीएसटी भरण्याची जबाबदारी खरेदीदारावर आली होती.