भाव सांगण्याआधी

ऑगस्ट 2021मध्ये लातूरच्या आडत बाजारात सोयाबीन क्विंटलला 10 हजारांच्या घरात गेलं. त्याच महिन्यात केंद्राने सोयापेंड आयातीला मुभा दिली, मग नवा माल आला आणि भाव कोसळले. पण 10 हजारांचा तो आकडा औसा तालुक्यातल्या आमच्या गावाच्या मनातून काही उतरला नाही. 2022च्या हंगामात हमीभाव 4300 होता, बाजारात 5 हजारांच्या वर मिळत होते, तरी माझ्या काकांनी कट्ट्यांची थप्पी हलवली नाही. “थांब रे, भाव येतोय.”

नांदेडच्या कॉलेजात संगणक शिकवताना मी ही थप्पी मुलांसमोर मांडतो. डॅनियल कानेमन आणि आमोस ट्वर्स्की यांनी 1979मध्ये दाखवलं, की माणूस नफातोटा मनात धरलेल्या आकड्यापासून मोजतो आणि तोटा त्याला तेवढ्याच नफ्याहून जास्त बोचतो. काकांच्या लेखी 5 हजारांनी विकणं म्हणजे क्विंटलमागे 5 हजार गमावणं होतं.

आता शेतकऱ्याला मराठीत सल्ला देणारे प्रोग्रॅम येताहेत. राज्याने 2025मध्ये शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचं धोरणही मंजूर केलं. परिस्थिती पाहून स्वतः पुढचं पाऊल ठरवणाऱ्या अशा प्रोग्रॅमला एजंट म्हणतात. त्याला भावाचा अंदाज बांधता आला म्हणजे झालं, असं मला अजिबात वाटत नाही.

तत्त्वज्ञ मायकेल ब्रॅटमन यांनी 1987मध्ये मांडलं, की बेत ही नुसती इच्छा नसते. एकदा बेत ठरला की पुढचा विचार त्याच्या चौकटीत चालतो. त्यावरून आनंद राव आणि मायकेल जॉर्जेफ यांनी समज, इच्छा आणि बेत वेगळे ठेवणारे एजंट रचले. सिडनी विमानतळावर उतरणाऱ्या विमानांचा क्रम लावण्यासाठी त्यांची चाचणीही झाली.

काकांच्या बाबतीत आवक, ओलावा, आजचा सौदा ही समज. 10 हजार ही इच्छा. आणि पेरणीआधी अडत्याची उचल फेडायची, हा बेत. म्हणून एजंटने आधी विचारावं, पैसे कधी आणि किती लागणार? तेवढे कट्टे आज विकायला सांगावेत, उरलेल्यांचा धोका उघड मांडावा. काकांच्या मनातला आकडा त्याला ठाऊक हवा, पण त्याने तो आपला मानू नये.

ठरलेला बेत पुन्हा कधी तपासायचा, हे मात्र अवघड. डेव्हिड किनी आणि जॉर्जेफ यांच्या 1991च्या प्रयोगांत परिस्थिती सावकाश बदलत असताना बेताला चिकटून राहणारे एजंट सरस ठरले, झपाट्याने बदलताना वारंवार फेरविचार करणारे. लातूरचा सौदा तर रोज निघतो. माझे विद्यार्थी सध्या यावरच भांडताहेत: 50 रुपयांच्या चढउताराला एजंटने काकांना फोन करायचा, की आयातीचा नियम बदलला तरच?