उपचार फुकट, पण चूल कोणी पेटवायची?

सोयगाव तालुक्यात कापूस वेचणाऱ्या बाईच्या हाताला स्तनातली गाठ लागते, तेव्हा ती लगेच दवाखाना गाठत नाही. गाठ बहुधा दुखत नाही, आणि वेचणी तर थांबत नाही. घरात दुसरे कमावणारे कोणी नसेल, लेकरे शाळेत असतील, तर ती गाठ महिनोन्‌महिने पदराआड राहते. हा आजार लवकर सापडला तर बरा होऊ शकतो. उशिराला लोक बाईचे अज्ञान म्हणतात. बुडणारी मजुरी कोणाला दिसत नाही.

सरकार म्हणेल, योजना आहेत. आहेतच! औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन होते. पण सोयगावहून हे शहर शंभर किलोमीटरहून दूर. केमो दर दोन-तीन आठवड्यांनी, कित्येक महिने. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे. बुडालेल्या रोजाचे अर्धे पैसे मात्र कोणी देत नाही. मग किराणा उधारीवर, मग सावकार, आणि शेवटी अर्धवट सोडलेला उपचार.

वाळूजच्या कारखान्यातील विमाधारक कामगाराला कर्करोग झाला, तर कर्मचारी राज्य विमा योजनेत, अटी पूर्ण असल्यास, ८० टक्के मजुरी दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. शेतमजूर बाईचा आजार तोच, पण तिची मजुरी कोणाच्या हिशेबात नाही. संजय गांधी निराधार अनुदान २०२३ मध्ये हजाराचे पंधराशे झाले. दिवसाला ५० रुपये!

१९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाची बाजू मांडली. कष्टकरी बाईच्या देहाला विश्रांती द्यायची तर त्या दिवसांचा पैसाही दिला पाहिजे, हाच त्यामागचा न्याय. तो कर्करोगाला का नको? उपचार संपेपर्यंत एकट्या आईला किमान वेतन आणि रुग्णालयाजवळ लेकरांसह राहण्याची सोय, ही चळवळीची मागणी झाली पाहिजे. ही भीक नव्हे. आजारपणात राज्याने साहाय्य करावे, असे संविधानाचे कलम ४१ सांगते.

तोवर आपण काय करणार? विहारात वंदनेनंतर उपासिकांनी गाठीविषयी उघड बोलावे. जयंतीची वर्गणी गोळा करणाऱ्या हातांनी अशा एका घरचा किराणा भरावा. मिरवणुकीत एक डीजे कमी वाजला तरी चालेल!