विश्लेषण : गेम बॉय दाखवायचा, तर टेट्रिसच का?
जुना गेम बॉय नव्या पिढीच्या हाती द्यायचा, तर त्यात खेळ कोणता घालावा? हाच प्रश्न १९८९ मध्ये निन्टेन्डोपुढे होता. अमेरिकेत यंत्रासोबत मारिओ देणे सोपे होते. मात्र, मारिओ लहान मुलांपुरता राहील, टेट्रिस सगळेच खेळतील, हे हेन्क रॉजर्स यांनी कंपनीचे तेथील प्रमुख मिनोरू अराकावा यांना पटवले. पडद्याची अडचणही होतीच. हिरवट रंगाच्या अवघ्या चार छटा, मागून प्रकाश नाही, वेगाने हलणारे चित्र पुसट होई. सावकाश पडणाऱ्या ठोकळ्यांना त्याची बाधा झाली नाही. शिवाय केबल जोडली की दोघांची चुरस. नियम समजावण्याचीही गरज नाही. त्यामुळे आजही या यंत्राची ओळख करून द्यायला टेट्रिसच पुरतो.